तुऱ्याच्या आसऱ्याला

लग्न होऊन मी पागेत आले तेव्हा सासूबाईंनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "मंदा, इथे आधी घोडे पाणी पितात, मग आपण चहा." मला वाटलं, नव्या सुनेची थट्टा चालली आहे. दुसऱ्या दिवशी पहाटे हे उठून मोतद्दारांना, म्हणजे घोड्यांच्या चाकरांना, घेऊन पागेत गेले आणि शेवटच्या घोड्याचं पाणी होईपर्यंत आमची चूल कुणी पेटवली नाही. तेव्हा कळलं की बापाने मला घोड्यांच्या घरी दिली आहे. पुढची वीस वर्षं मी त्यावर कुरकुरत राहिले आणि रोज पहाटे उठतही राहिले.

पागा शिंदे सरकारची, ग्वाल्हेरात मुरारच्या अलीकडे, रस्त्याच्या उतारावर. एक लांबच लांब दगडी इमारत, मधून फरसबंद वाट आणि दोन्ही बाजूंना ठाणं. एका ठाणात एक घोडा, पुढे दाराऐवजी आडवा बांबू. फाटकाला लागून पागेच्या जमादाराच्या, म्हणजे ह्यांच्या, दोन खोल्या, पुढे ओसरी, मागे नळ. तो नळ म्हणजे माझा जीव होता. लष्करातल्या, म्हणजे आमच्या शहराच्या मुख्य वस्तीतल्या, भल्याभल्या घरच्या बायका घागरी घेऊन रांगेत उभ्या राहायच्या आणि मी घरात बसल्या बसल्या तोटी फिरवायची. नवऱ्याचा पगार काही मोठा नव्हता. पण नळवाली म्हणून माझा तोरा असायचा, तो मी कशाला लपवू?

मग राज्य विलीन झालं. ग्वाल्हेर, इंदूर आणि आजूबाजूची संस्थानं मिळून मध्यभारत झाला. रिसाला मोडला. तरणे घोडे फौजेत गेले, बाकीचे लिलावात. एकेक ठाण रिकामं होत गेलं तसे हे गप्प होत गेले. शेवटी एकटा तुरा उरला. करड्या रंगाचा, कपाळावर पांढरी रेघ असलेला, म्हातारा, दात झिजलेला. लिलावात त्याला कुणी हात लावला नाही. कधी काळी तो दसऱ्याच्या स्वारीत सगळ्यांच्या पुढे चालायचा, म्हणून कुणा जुन्या अधिकाऱ्याला दया आली आणि त्याने हुकूम काढला: तुरा जिवंत असेपर्यंत त्याला सरकारातून चंदी, म्हणजे रोजचा दाणा, मिळेल आणि त्याच्या देखभालीला जमादार पागेतच राहील. घोडा गेला की इमारत दप्तरखान्याकडे जाईल, कागदपत्रं ठेवायला. थोडक्यात, तुरा होता म्हणून ती पागा होती, आणि पागा होती म्हणून आमच्या डोक्यावर छप्पर होतं.

आता राजधानीची गंमत. ती ग्वाल्हेरला असावी की इंदूरला, यावर दोन्ही शहरं हटून बसली. तेव्हा तोड निघाली ती अशी, की हिवाळ्यात राजधानी ग्वाल्हेर आणि उन्हाळ्यात इंदूर. वर्षातून दोनदा सगळं सरकार बिऱ्हाड पाठीवर घेऊन निघणार. मंत्री बंगल्यात उतरायचे, साहेबलोक सरकारी क्वार्टरात, कारकून सोयऱ्याधायऱ्यांकडे. चपराशी, दफ्तरी, पाणके यांनी कुठे उतरायचं, हा विचार करायला कुणाला सवड झाली नसावी. हिवाळा आला की लष्करात खोल्यांचे भाव असे चढायचे, की माधवगंजातल्या लोकांनी जिन्याखालच्या कोपऱ्यालासुद्धा कडी लावून तो भाड्याने दिला.

अशाच एका हिवाळ्यात, दिवस मावळताना, एक माणूस फाटकाशी येऊन उभा राहिला. चाळिशीचा, उंच, डोक्याला मफलर, हातात पत्र्याची पेटी.

"जमादारसाहेब आहेत का, वहिनी?"

"आपण कोण?"

"महिपतराव. इंदूरहून आलोय. सचिवालयात दफ्तरी आहे, फायलींची बासनं उचलतो. त्याआधी होळकरांच्या रिसाल्यात होतो."

होळकर म्हटल्यावर मी जरा सावरून बसले. आमच्या घरात शिंदे-होळकरांचं भांडण अजून मिटलेलं नव्हतं. ज्यांचं ते भांडण होतं त्यांना जाऊन दीडशे वर्षं झाली असतील, पण माझे सासरे मरेपर्यंत इंदूरचा शेव-चिवडा तोंडात घालत नसत.

हे बाहेर आले. महिपतरावाने नमस्कार केला आणि जागा मागायच्या ऐवजी विचारलं, "एक घोडा आहे म्हणतात तुमच्याकडे. बघू का जरा?"

हे त्याला आत घेऊन गेले. मीही मागोमाग गेले, कारण मला चैन पडेना. महिपतराव ठाणाशी थांबला, आधी हात पुढे करून तुऱ्याला हुंगू दिला, मग हळूच त्याच्या आयाळीखाली खाजवू लागला. तुऱ्याने मान लांब करून हनुवटी त्याच्या खांद्यावर टेकवली.

"शिंद्यांचा घोडा आहे," हे म्हणाले. "होळकरांशी असा वागत नाही एरवी."

"बिचाऱ्याला कुणी सांगितलं नसेल, दादा," महिपतराव म्हणाला.

हे हसले. रिसाला मोडल्यानंतर पहिल्यांदाच मी त्यांना मोठ्याने हसताना ऐकलं आणि तेवढ्यासाठी मी होळकरांना बरंच काही माफ करून टाकलं.

"राहता कुठे?" ह्यांनी विचारलं.

"इंदरगंजात, एका दुकानाच्या फळीवर. दुकानदार झोपायचे पैसे घेतो आणि वर सकाळी फळी धुवून मागतो."

"खोली का नाही घेत?"

"तोंड बघून किराया सांगतात. इंदूरचा म्हटलं की तिप्पट. आणि इंदूरची खोली सोडता येत नाही, बायकापोरं तिथे आहेत. उन्हाळ्यात तुमचे ग्वाल्हेरवाले तिकडे मकान शोधत फिरतात, तेव्हा आमचे इंदूरवाले त्यांना लुटतात. एकदा खोली सुटली की गेली. पगार तीस-बत्तीस, त्यात दोन शहरांचे दोन किराये. कसं करायचं, सांगा."

ह्यांनी रिकाम्या ठाणांकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मी दुसरीकडे बघितलं, म्हणजे हो म्हटलं.

महिपतराव एकटा आला, पण माणसाचा पाय पडला की वाट पडते. पंधरवड्यात त्याच्याबरोबरचे चपराशी आणि पाणके धरून दहाजण झाले. सगळे माळव्यातले. त्यांच्यात वयाने मोठा सूर्याजी. तो तोंडाने फटकळ, पण हाताला चव होती म्हणून स्वयंपाक त्याच्याकडे. एकेकाला एकेक ठाण मिळालं. खाली गवत, वर गोधडी, थंडी फार वाजली तर पुढच्या बांबूवर पोतं टांगायचं. ह्यांनी त्यांना पागेचे नियम लावले: गवताजवळ विडी ओढायची नाही, सकाळी ठाण झाडल्याशिवाय कामावर जायचं नाही, आधी तुऱ्याचं पाणी मग आपली आंघोळ. रात्री कंदील घेऊन एक फेरी घालायचे, अगदी पूर्वीसारखी. त्या लोकांना गंमत वाटायची. मला मात्र बरं वाटायचं, कारण नवऱ्याच्या पायांना पुन्हा फेरी मिळाली होती.

ती माणसं पहाटे धुक्यात निघायची आणि पायी लष्करात जायची. दिवसभर साहेबांच्या मागे धावून अंधार पडताना परत यायची. मग सूर्याजी चूल मांडायचा. जाड पोळ्या आणि लाल मिरचीची चटणी, कधीमधी बटाटा. हप्त्यातून एकदा डाळ झाली तर त्या दिवशी गाणी व्हायची. पगार हातात आला की अर्ध्याहून जास्त मनिऑर्डरने इंदूरला जायचा. उरलेल्यात काय होतं ते मला रोज त्यांच्या पातेल्यात दिसत होतं.

आणि त्यांच्या समोरच तुऱ्याची चंदी शिजायची. भिजवून उकडलेला हरभरा, कोंडा, मीठ आणि वर गुळाचा खडा. बाजारात हरभरा चढो नाहीतर उतरो, तुऱ्याचं माप ठरलेलं होतं. माणसांना पगार रुपयांत मिळत होता; रुपया आक्रसला की त्यांचं पोट आक्रसायचं. तुऱ्याला महागाई लागूच नव्हती. हे मी एकदा बोलून दाखवलं, तर सूर्याजी म्हणाला, "भाभी, बात अशी आहे, पुढच्या जन्मी मी घोडाच होणार. आणि तोही सरकारी!" सगळे हसले. मीही हसले.

एका संध्याकाळी ह्यांनी सूर्याजीला चंदीच्या टोपापाशी पकडलं. मूठभर उकडलेला हरभरा त्याच्या तोंडात होता. पागेत चंदी चोरणं म्हणजे सगळ्यात मोठं पाप. जुन्या काळात ह्यांनी यापायी एका मोतद्दाराला फटके दिलेले मी स्वतः बघितले होते. सूर्याजी तोंडातला घास ना गिळू शकत होता ना थुंकू शकत होता. हे टोपावर झाकण ठेवून घरात आले.

"उद्यापासून आपल्याकडे डाळ जरा जास्त लाव," मला म्हणाले.

"किती जास्त?"

"दहाजणांची."

"आणि पैसे? आभाळातून पडतात का?"

"तुऱ्याच्या मापाला हात लावायचा नाही," हे म्हणाले. "ते त्याचं आहे. आपलं आपण बघू."

मी चिडले. दोन दिवस भांडी आपटली. मग डाळ जास्त लावली. पातळ लावली, पण लावली.

पौष लागला. ग्वाल्हेरची पौषातली थंडी ज्याने काढली नाही त्याला सांगून कळायची नाही; दहा वाजले तरी सूर्य दुधाच्या वाटीसारखा फिका दिसायचा. अशाच एका सकाळी तुरा ठाणात आडवा पडलेला सापडला. उठता येईना. महिपतराव आणि बाकीच्यांनी मिळून, पोटाखालून कांबळं घालून, त्याला उभं केलं. तो उभा राहिला, पण मागचे पाय लटपटत होते, आणि हरभऱ्याला त्याने तोंड लावलं नाही.

त्या संध्याकाळी हे ओसरीवर बसून म्हणाले, "घोड्यांच्या डॉक्टरांना बोलवावं लागेल."

"औषधाला?"

"नाही."

मला कळलं. घोड्याला गोळी घालून त्रासातून सोडवायचं, रिसाल्यात त्याला सुटी देणं म्हणत. जो घोडा आपणहून उठू शकत नाही त्याला तसं लोळत ठेवायचं नाही, ही ह्यांची जन्माची शिकवण होती.

"आणि मग?" मी विचारलं. "दुसऱ्या दिवशी दप्तरखान्याची माणसं किल्ली मागायला येतील. आपण कुठे जायचं? ती दहा माणसं या थंडीत कुठे जातील? चैत्रात सरकार इंदूरला परत जाईल, तोवर काढा कसं तरी."

"त्याला दुखतंय, मंदा."

"दुखतं तर मलाही. माझेही गुडघे गेलेत. मला कुणी सुटी देत नाही."

हे उठून आत गेले. मी चुकीचं बोलले असं मला तेव्हा वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. मला घर हवं होतं, नळ हवा होता आणि त्या दहाजणांच्या डोक्यावर छप्पर हवं होतं. घोडा म्हातारा होता. त्याने थोडी कळ सोसावी, एवढंच मी मागत होते. हे स्पष्ट सांगते, कारण नंतर मी मोठी दयाळू असल्याच्या गोष्टी लोकांनी केल्या, त्या खऱ्या नाहीत.

ह्यांनी माझं ऐकलं. ऐकलं म्हणण्यापेक्षा, डॉक्टरांकडे गेले नाहीत. महिपतरावाने तुळईवरून दोर सोडून जाड किंतानाचा पट्टा तुऱ्याच्या पोटाखालून घेतला, म्हणजे पायांवरचं वजन हलकं होईल. रात्री दोघे-दोघे पाळीने त्याच्याजवळ बसायचे, पाय चोळायचे, शेकायचे. दिवसा हे आणि मी. सूर्याजीने स्वतःच्या पैशाने गूळ आणला. एकाने आपली गोधडी तुऱ्याच्या पाठीवर टाकली आणि स्वतः पोतं पांघरलं. पोटाला चिमटा घेणारी ती माणसं एका घोड्याचं पोट भरायला धडपडत होती, कारण त्यांचं छप्पर त्याच्या चार पायांवर उभं होतं. महिपतरावाला कचेरीत डुलक्या आल्या म्हणून साहेबाने बोल लावले. त्याने ते आम्हाला हसत सांगितलं.

तुरा मात्र सुधारेना. चौथ्या दिवशी मी कण्यांची पातळ कण्हेरी घेऊन त्याच्याकडे गेले. पट्ट्याखालची कातडी सोलवटली होती. त्याने तोंड फिरवलं नाही, माझ्याकडे बघितलंही नाही. नुसता कण्हला, माझे सासरे शेवटी कण्हत असत तसा. मी वाडगं खाली ठेवलं आणि घरी आले. मी म्हटलं होतं थोडी कळ सोसावी, पण ही थोडी नव्हती. आणि तरीही डॉक्टरांना बोलवा असं माझ्या तोंडून निघेना. हेही बोलेनात. घरात आम्ही दोघं एकमेकांना चुकवत वावरत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी भरायला उठले तर पागेत गडबड ऐकू आली. बघते तर दहाही ठाणं झाडून स्वच्छ. गवत एका कोपऱ्यात रचलेलं. पोती बांबूवरून काढलेली, घडी घातलेली. आणि फाटकाशी भिंतीला लागून पेट्या, वळकट्या, सूर्याजीचं पातेलं, सगळं बांधून ठेवलेलं. महिपतराव ओल्या फडक्याने तुऱ्याचं तोंड पुसत होता.

हे ओसरीवरून खाली उतरले. "हे काय चाललंय?"

"काही नाही, दादा," महिपतराव म्हणाला. "डॉक्टरांना बोलवा आता. आमचं बिऱ्हाड बांधून झालंय."

"कुणी सांगितलं तुम्हाला बांधायला?"

"कुणी सांगायचं? आम्हाला दिसत नाही का? तुम्ही आमच्यामुळे थांबलात. वहिनी आमच्यामुळे थांबल्या. पण याला उभं टांगून त्याच्या जिवावर आम्ही छपराखाली झोपायचं, हे आम्हाला जमत नाही. काल रात्री सगळे बोललो. सूर्याजी म्हणाला, फळी बरी."

"हौ, मीच म्हणालो," सूर्याजी म्हणाला. "फळीवर निदान झोप तरी लागते, जमादारसाहेब."

मी तिथेच उभी होते, हातात रिकामी घागर. मला रडू आलं. ह्यांच्यासमोर रडायची मला सवय नव्हती, म्हणून मी घागर नळाखाली लावली आणि तोटी पूर्ण सोडली.

डॉक्टर भालचंद्रराव दुपारी आले. त्याआधी पागेची रीत होती तसं झालं: ज्यांनी ज्यांनी त्या घोड्याचं केलं, त्या प्रत्येकाने त्याला हाताने गूळ द्यायचा. पूर्वी ती माणसं म्हणजे स्वार आणि मोतद्दार. आता स्वार एकही नव्हता. दहा चपराशी कामावर खाडा करून रांगेत उभे राहिले, मुंडासी नीट करून. महिपतराव शेवटचा, त्याच्या तळहातावरचा गूळ तुऱ्याने चाटला. मग ह्यांनी मला हाक मारली. वीस वर्षांत पागेच्या रीतीत मला कुणी बोलावलं नव्हतं. मी गेले. तुऱ्याची जीभ खरखरीत आणि गरम होती.

बार झाला तेव्हा मी घरात होते. हे त्याच्या डोक्याशी होते.

दुसऱ्या दिवशी दप्तरखान्याचे साहेब ओव्हरसियरला आणि टेप घेऊन आले. ठाणांची लांबी-रुंदी मोजली. कौलांतून कुठे उजेड येतो ते बघितलं. ओव्हरसियर लिहून घेत होता आणि साहेब सांगत होते: कौलं बदला, भिंतींना चुना काढा, खाली फळ्या टाका, दारं बसवा. "कागदाला ओल अजिबात चालत नाही," ते म्हणाले. मग आमच्याकडे वळून, जमादाराची नेमणूक आता सचिवालयात चपराशी म्हणून झाली आहे आणि खोल्या आठवड्यात रिकाम्या कराव्यात, असं सांगितलं. माणूस सभ्य होता. जाताना मला नमस्कारही केला.

आठवडा कशाला हवा? मी त्याच संध्याकाळी माधवगंजात शालिनीताईंकडे गेले. त्यांच्या घरामागे एक जुनं कोठार होतं, लाकडं ठेवायचं. हळदीकुंकवाला येणं-जाणं होतं आमचं, त्यामुळे त्यांनी तोंड वाकडं केलं नाही.

"तुम्हा दोघांना देते, मंदाताई. घरच्यासारखा भाव लावीन."

"आम्ही बाराजण आहोत."

"बारा? बाकीचे कोण?"

"इंदूरचे."

"मग त्यांचा किराया वेगळा पडेल. बाहेरचे लोक, पाण्याची नासाडी करतात. सगळीकडे तोच रेट आहे, बाई."

"शालिनीताई," मी म्हटलं, "कोठार एक, माणसं बारा, भाडं एक सांगा. आणि पुढच्या उन्हाळ्यात मीही ह्यांच्याबरोबर इंदूरला जाणार आहे. तिथे मला कुणी बाहेरची म्हणून तिप्पट सांगितलं, तर मी तुमचं नाव सांगेन."

त्या हसल्या. भाडं मधलं ठरलं, पाणी बारा घागरी. बाई वाईट नव्हती. फक्त रेट तिच्या तोंडी बसला होता.

आमचं सामान हातगाडीवर त्या दहाजणांनीच ओढून नेलं. कोठारात पडदा बांधून कोपरा आम्हाला दिला. पहिल्या सकाळी हे जुन्या वेळेला उठले, बादली उचलली, दारापर्यंत गेले आणि परत येऊन बसले. मी उठून चहा केला. आता आधी पाणी प्यायला कुणी नव्हतं.

महिना गेला असेल. एका संध्याकाळी सगळे कामावरून आले. मी आणि सूर्याजी पोळ्या करत होतो. हे अंगावरचा चपराशाचा पट्टा काढून खुंटीला लावत होते. महिपतराव सगळ्यात शेवटी आला, अंगभर धूळ, खांद्याला दोराचे वळ. पाणी प्यायला, भिंतीला टेकून बसला.

"कुठे पाठवलं होतं आज?" ह्यांनी विचारलं.

"पागेत," महिपतराव म्हणाला. "इंदूरहून दप्तर आलंय वॅगनभर. बासनं वाहून लावायची होती. दिवसभर तेच."

सूर्याजीचा लाटण्यावरचा हात थांबला. महिपतराव पुढे सांगू लागला. "माझ्या ठाणात जमीन महसूल लावलाय, दादा. सूर्याजीकडे कोर्टाचे कागद. सगळं चुन्याने पांढरं केलंय, खाली फळ्या, कौलं नवी. तुऱ्याच्या ठाणात दप्तरखान्याचा कारकून बसतो, त्याला शेगडी दिली आहे. बराच वेळ आत होतो मी. एवढंसुद्धा वारं लागलं नाही."

मला इतका संताप आला की हातातली पोळी तव्यावर जळली. कुणावर आला ते सांगता येईना. त्या नमस्कार करून गेलेल्या साहेबावर यावा तर त्याने काही वावगं केलं नव्हतं. कागद भिजू नये एवढंच बघितलं होतं. आधी त्या जागेत जनावर नीट राहिलं, आता कागद नीट राहणार होते. मधल्या एका हिवाळ्यात माणसं राहिली, तेव्हा त्या कौलांतून धुकं आत उतरत होतं आणि आम्ही ते पोत्याने अडवत होतो.

हे महिपतरावाजवळ जाऊन बसले. त्याचा सदरा खांद्यावरून बाजूला केला, वळ बघितले. मग तेलाची वाटी मागून घेतली आणि तुऱ्याचे पाय चोळायचे त्या सवयीने त्याचा खांदा चोळू लागले.

"असू द्या, दादा," महिपतराव संकोचून म्हणाला. "मी काय घोडा आहे?"

"घोडा असतास तर बरं झालं असतं," हे म्हणाले. "तुझ्यासाठी मी सरकारशी भांडलो असतो. घोड्यासाठी कसं भांडायचं, तेवढंच मला येतं."

हे थांबायचं नाव घेत नव्हते, खांदा चोळतच होते. मी जळलेली पोळी माझ्या ताटात घेतली आणि पुढची लाटायला घेतली.